गूळ, गंज आणि हिरडा: कोल्हापुरात बसून पहिली बंडी कशी करायची

गेल्या दोन महिन्यांत चौघीजणींनी विचारलं, सस्टेनेबल फॅशनमधे काहीतरी करायचंय, सुरुवात कुठनं करू, कोर्स कुठला लावू, ब्रँडचं नाव काय ठेवू. नावाचं नंतर बघू. आधी एक बंडी करा. एकच. जुन्या लुगड्याची, घरी रंगवलेली, वाकळीचे, म्हणजे गोधडीचे, टाके घातलेली. महिनाभर लागेल, पण त्यात कापड, रंग, टाका, कटिंग सगळं हाताखालनं जातं आणि आपल्याला हे खरंच आवडतंय का नुसते फोटो आवडतात हेही कळतं.

बंडीच का, तर ती आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या अंगावरची आहे आणि कापायला सगळी चौकोनी तुकड्यांची. जुन्या शिवणकामात कापड वाया घालवायची पद्धतच नव्हती, कापड महाग होतं. आज ज्याला झिरो वेस्ट म्हणतात ते बंडीत आणि बाराबंदीत आधीपासून आहे.

आणि एक गोष्ट डोक्यात ठेवा, डिझाईन आधी काढायचं नाही. आधी माल गोळा करायचा. मी पहिल्या वर्षी उलटं केलं, वहीभर स्केचेस काढली आणि मग त्यात बसणारा निळा रंग शोधत फिरत बसले. कोल्हापूरच्या आसपास जे ढिगानं मिळतं त्यातनं निळा नाही निघत, काळा निघतो. गुळाचं गाव, लोखंडाचं गाव, आणि पश्चिमेला गेलं की हिरड्याची झाडं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की असा काळा होतो की बघत राहाल.

सगळ्यात आधी बरणी लावा, कारण तिला तीन आठवडे लागतात

उद्यमनगरात लेथवर काम चालतं तिथं लोखंडाचा बुरा पडलेला असतो, ओळखीच्या वर्कशॉपमधे मागितला तर हसत हसत पिशवीभर देतात. नाहीतर घरातले जुने खिळे, बिजागऱ्या, घोड्याची नाल, काहीही चालतं. स्टेनलेस स्टील नको, ते गंजत नाही. जस्ताचा मुलामा दिलेलं पण नको. बुऱ्याला ऑइल असतं, ते धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं दोनतीनदा धुवून काढा, मग ओलं करून गच्चीवर पसरा आणि चारपाच दिवस रोज पाणी शिंपडत राहा. गंज चढला पाहिजे, चांगला भगवा.

मग प्रमाण असं: अर्धा किलो गंजलेलं लोखंड, १०० ग्रॅम गूळ, एक लिटर पाणी. गूळ शाहूपुरीच्या बाजारातनं भारीतला पिवळाधमक आणायची गरज नाही, कोल्हापुरी गुळाला २०१४ मधे जीआय (त्या भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क) मिळालाय वगैरे सगळं खरं, पण या कामाला गुऱ्हाळावरचा काळपट, न विकला जाणारा गूळच बरा आणि स्वस्त. चिनी मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत सगळं घाला, तोंडाला फडकं बांधा, सावलीत ठेवा आणि दोन दिवसाआड काठीनं हलवा. गूळ आंबतो, त्याचं आम्ल होतं, ते आम्ल लोखंड विरघळवतं, एवढंच त्यातलं शास्त्र. वर फेस येईल, आंबूस वास येईल, आई ओरडेल. पंधरा ते वीस दिवसांत वास बदलतो, आंबूसपणाखाली लोखंडाचा वास यायला लागतो, तेव्हा फडक्यातनं गाळून घ्यायचं.

झाकण घट्ट लावू नका. मी पहिल्यांदा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून बूच पिरगाळून गॅलरीत ठेवलं होतं. आतमधे गॅस होतो हे माहीतच नव्हतं, रात्री फट्ट करून आवाज, सकाळी भिंतीवर काळेतपकिरी ओघळ आणि मुंग्यांची ही मोठी रांग. ओघळ अजून आहेत, दोनदा रंग देऊन पण वर येतात.

कापड

आजीचं नऊवारी सुती लुगडं मिळालं तर सोनं. धुवून धुवून त्यातली खळ निघून गेलेली असते आणि रंग पटकन पितं. पण "सुती आहे" असं घरातलं कुणीही सांगितलं तरी कडेचा दोरा काढून जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटानं चुरगळणारी राख म्हणजे सुती, आणि वितळून टोकाला टणक मणी झाला की समजायचं पॉलिस्टर आहे, त्याच्यावर यातला कुठलाच रंग बसत नाही.

लुगडं नसेल तर इचलकरंजी गाठा. तिथं १९०४ मधे विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला तेव्हापासून गावच मागावर चालतंय, आणि मागावर विणताना डाग पडलेलं, धागा तुटलेलं ग्रे कापड, म्हणजे न धुतलेलं न रंगवलेलं कोरं कापड, किलोवर मिळतं. डाग आपल्याला काय करतोय, आपण रंगवणारच आहोत. फक्त नव्या कापडाला खळ असते, त्यामुळं ते रात्रभर पाण्यात भिजवून मग धुण्याचा सोडा घालून तासभर उकळायचं, पाणी चहासारखं होईल. ही पायरी कंटाळून सोडली तर पुढं रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो, मग नशिबाला बोल लावू नका. लुगड्याला नुसती अर्ध्या तासाची उकळी पुरे.

बंडीला दोन थर लागतात, वरचा आणि आतला. प्रत्येक तुकडा ४१ बाय ४७ इंच घ्या. म्हणजे लुगड्याचा पन्हा ४७ भरला पाहिजे, कमी भरला तर अंगाचे तुकडे थोडे अरुंद होतील, बारीक माणसाला चालतंय. दोन्ही तुकडे मिळून साधारण पाव किलो वजन होतं, तरी तुम्ही कोरडं कापड काट्यावर ठेवून मोजाच, कारण पुढची सगळी प्रमाणं कापडाच्या वजनावर आहेत.

हिरडा

हिरड्याची पावडर काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. पाव किलो कापडाला ५० ग्रॅम. चार-पाच लिटर गरम पाण्यात कालवा, तासभर ठेवा, गाळा, आणि त्या कोमट पाण्यात ओलं कापड सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी नुसतं पिळून सावलीत वाळवायचं, धुवायचं नाही, हे विसरू नका. कापड सायीच्या रंगाचं होतं, फिकट पिवळसर, आणि लोकांना वाटतं एवढंच? एवढंच. हिरड्यात टॅनिन असतं, सुती धाग्याला रंग स्वतःहून धरता येत नाही, टॅनिन त्याला धरायला हात देतं.

गंमत म्हणजे आपल्या पायातल्या चपलेचं पण तेच. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमवतात, तेही टॅनिनच. कातड्यात ते शिरलं की कातडं कुजत नाही. एकदा सुभाषनगर, जवाहरनगरच्या बाजूला चपला करणाऱ्यांच्यात जाऊन बसा, फोटो काढायला नाही, नुसतं बघायला. कापशी चपलेची वेणी कशी घालतात, कान कसा वळवतात, अंगठा कुठं बसवतात. एक खिळा न वापरता चामड्याच्याच वादीनं शिवतात. तीन दिवस डिझाईनच्या क्लासला बसून जे कळणार नाही ते तिथं एका दुपारी कळतं.

काळा

आता बरणीतलं गाळलेलं पाणी. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात चार लिटर साधं पाणी घ्या, त्यात अर्धा कप लोखंडाचं पाणी, एवढंच. हिरड्यातलं वाळलेलं एक कापड साध्या पाण्यात ओलं करून यात सोडा. हे बघायला घरातल्या सगळ्यांना बोलवा. सायीच्या रंगाचं कापड बुडतं आणि दोन सेकंदात राखाडी, मग जांभळट, मग कावळ्याच्या पंखासारखं होत जातं, हातासमोर. मी शंभरदा केलं असेल तरी अजून दरवेळी तोंडातनं "आई गं" निघतं. टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळं होतं, जुन्या काळची लिहायची शाई याच मेळावर व्हायची.

पाच-सात मिनिटं सतत हलवत राहा, एका जागी गोळा राहिला तर तिथं डाग. बाहेर काढून वाऱ्यावर दहा मिनिटं झटका, मग धुवा. अजून गडद पाहिजे असेल तर लोखंड वाढवायचं नाही, परत हिरड्यात बुडवायचं, वाळवायचं, आणि परत त्याच हलक्या लोखंडाच्या पाण्यातनं काढायचं. दोनतीन फेऱ्यांत होतो. हे जोर देऊन सांगतेय कारण मी एक ओढणी जास्त काळी व्हावी म्हणून रात्रभर दाट लोखंडाच्या पाण्यात ठेवली होती. काळी झाली, सुंदर झाली, मामेबहिणीला दिली. चौथ्या धुण्याला ती पापडासारखी फाटली, लोखंड जास्त झालं की सुती धागा खातं. मामेबहीण अजून लग्नकार्यात सगळ्यांसमोर विषय काढते.

हातमोजे घाला आणि जुने कपडे घाला. ही पातेली परत स्वयंपाकाला घ्यायची नाहीत. आणि उरलेलं पाणी गटारीत सोडू नका, गटारीतनं ते कुठं जातं आणि पंचगंगेचं काय झालंय ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. थोडं असतं, पाणी घालून पातळ करून मोकळ्या मातीवर ओता, कुंडीत नको, विहिरीजवळ नको.

आतला पिवळा

आतल्या थराला झेंडू. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी झेंडूला कुणी विचारत नाही, फुलवाल्यांकडे पोती पडून असतात, घरच्या दाराचं तोरण असतंच. पाकळ्या सावलीत कडक वाळवून डब्यात भरल्या की वर्षभर पुरतात. आतला तुकडा हिरड्यातनं काढलेला आहेच, तो आता तुरटीत टाकायचा. तुरटी कापडाच्या वजनाच्या १५ टक्के, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या तुकड्याला १८-२० ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर. मग कापडाच्या वजनाएवढ्या सुक्या पाकळ्या पाऊण तास मंद उकळा, गाळा, आणि त्या पाण्यात कापड अर्धापाऊण तास मंद आचेवर. हळदीकुंकवाच्या ताटातल्यासारखा उबदार पिवळा येतो. बोअरचं पाणी असेल तर आधी छोट्या तुकड्यावर करून बघा, पाण्यात लोखंड असलं की पिवळा मळकट शेवाळी होतो. (तो पण वाईट नाही दिसत, पण ठरवून झाला पाहिजे.) डाळिंबाची सालं पण चालतात, ज्यूसवाला फुकट देतो.

हळद, बीट, जास्वंद यांच्या मागं लागू नका. पातेल्यात फार देखणे दिसतात, व्हिडिओत तर विचारूच नका, पण बीट दोन धुण्यात जातं आणि हळद उन्हात उडते. आणि कपड्याला घालायची दुकानातली नीळ म्हणजे झाडापासूनची नीळ नव्हे, आणि झाडाच्या निळीचं पिंपच वेगळं लावावं लागतं, पहिल्या वर्षी राहू द्या.

कुठलाही रंग विकायच्या आधी ही साधी परीक्षा घ्या: रंगवलेली पट्टी जाड पुठ्ठ्यात अर्धी झाकून बांधा आणि गच्चीवर आठ दिवस उन्हात टाका. सोडल्यावर दोन अर्ध्यांत फरक दिसला नाही तर रंग टिकला. माझ्याकडे अशा पट्ट्यांची एक वही आहे, प्रत्येक पट्टीखाली तारीख, पाणी कुठलं, किती ग्रॅम. सगळी स्केचबुकं हरवली तरी चालतील, ही वही नाही.

नक्षी कुठनं आणायची

फोनमधनं नाही. निसर्गावरनं प्रेरणा म्हटलं की सगळे तीच पानं आणि तीच फुलं काढतात, जी दिल्लीतल्या दुकानातही असतात. एक अख्खं हिरडा फळ घ्या आणि हातात फिरवून बघा, त्याला उभे पाच कंगोरे असतात. भिजवून मधोमध आडवं कापलं की पाच कोनांचा ओबडधोबड तारा दिसतो. माझ्या बंडीच्या पाठीवर तोच आहे, टाक्यांनी काढलेला, रंग पण त्याचाच आणि आकार पण त्याचाच. एक बाई म्हणाल्या हे स्टारफिश आहे का, असो. नाहीतर पन्हाळ्याच्या रस्त्यानं जाताना उसाच्या सऱ्या बघा, वळणावर त्या कशा वाकतात. वाकळीचे टाके म्हणजे सऱ्याच की.

टाके

कापायच्या आधी टाके घालायचे, हे नवीन माणसाला उलटं वाटतं. पण टाके पडले की कापड आकसतं, ४१ बाय ४७ चं ३९ बाय ४५ होतं, आधी कापलं तर बंडी लहान भावाला द्यावी लागेल. काळा वर, पिवळा खाली, सपाट फरशीवर पसरून, सुरकुती काढून, मोठ्या कच्च्या टाक्यांनी चौफेर आणि मधनं बांधून घ्या. मग कडेपासनं सुरू करून आत यायचं, साधा धावदोरा, ओळीओळीत बोटभर अंतर.

मी आमच्या गल्लीतल्या काकूंकडे शिकायला गेले तर पाच मिनिटं माझं बघून म्हणाल्या, "आगं खणाय लागलीस व्हय? सुई नगं हलवू, कापड हलव." म्हणजे सुई उजव्या हातात जवळजवळ स्थिर धरायची आणि डाव्या हातानं कापड खालीवर करत सुईवर चढवत जायचं, सहा-सात टाके सुईवर गोळा झाले की एकदम दोरा ओढायचा. हे जमायला मला आठवडा लागला, जमलं तशी मान दुखायची थांबली. टाके सगळे एकसारखे येणार नाहीत. काकूंचे पण नसतात. वाकळीतले टाके बघून ही कुणाच्या हातची ते बायका सांगतात, मशीनला ते कुठनं येणार. दोरा त्याच झेंडूच्या पाण्यात बुडवलेला वापरा, काळ्यावर पिवळा उठून दिसतो.

मला अख्खं कापड भरायला चौदा तास लागले, चार दिवसांत मिळून. हा आकडा लिहून ठेवा तुमचा, पुढं लागेल.

कापणं आणि शिवणं

४५ बाय ३९ च्या कापडात आता खडूनं आखा. वरच्या २६ इंचात शेजारी शेजारी दोन तुकडे, २२-२२ इंच रुंद, एक पाठ आणि एक पुढचा, पुढचा मधोमध उभा चिरायचा. त्याच्या खालच्या १० इंचात दोन बाह्या, २० इंच रुंद १० इंच लांब. त्यांच्या शेजारी ५ बाय १० ची पट्टी उरते, तिच्यात दोन चौबगले, साडेचार इंचाचे चौकोन. सगळ्यात खाली तीन इंचाची लांब पट्टी राहते, ती गळ्याला आणि बांधायच्या बंदांना. गळ्याचा तुकडा तेवढा निघतो, त्याचा आत छोटा खिसा करा, मोबाईल नाही मावणार, रिक्षाचे सुट्टे पैसे मावतील. ३६-३७ छातीपर्यंत ही बंडी बसते.

चौबगला म्हणजे काखेतला तो चौकोन, तिरका बसवायचा. हा नसेल तर हात वर केला की अख्खी बंडी वर येते. बसवायला किचकट आहे, पहिला माझा उलटा बसला होता, तेव्हा आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर करून बघा किंवा एखाद्या जुन्या शिंप्याकडे जा, पन्नाशीच्या पुढचा शिंपी असेल तर चौबगला म्हटल्यावर त्याचा चेहराच फुलतो. बटणं नाहीत, चेन नाही, बंद.

किंमत आणि नाव

विकायला लागलात की पहिली चूक सगळे हीच करतात, कापड जुनं म्हणजे फुकट, हिरडा स्वस्त, मग बंडी स्वस्त. चौदा तास टाक्यांचे, वर रंगाचे, शिवणाचे, ते कोण देणार? तास मोजा, त्या तासाला तुम्ही स्वतः दुसऱ्याकडे काम करायला काय घेतलं असतं ते धरा, मग किंमत ठरवा. काकूंकडनं टाके घालून घेत असाल तर त्यांना नगावर नाही, तासावर द्या, आणि आधी द्या. मला एका दुकानानं वीस बंड्यांची ऑर्डर देऊन पैसे आठ महिन्यांनी दिले होते, तोवर काकूंना तोंड दाखवायला लाज वाटायची.

आणि कोल्हापुरी हा शब्द जपून वापरा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मधे जीआय मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी, त्यामुळं बाहेर कुठंतरी करून घेतलेल्या चपलेला ते नाव लावता येत नाही. २०२५ च्या जूनमधे मिलानमधे प्रादा या इटालियन ब्रँडच्या शोमधे आपल्यासारख्याच चपला मॉडेलच्या पायात दिसल्या, आधी कोल्हापूरचं नाव नव्हतं, गावभर बोंब झाल्यावर त्यांनी मान्य केलं. आपण सगळे तेव्हा तावातावानं बोललो, मी पण. मग त्याच आठवड्यात माझ्याच टॅगवर काकूंचं नाव नव्हतं हे लक्षात आलं. आता असतं, त्यांना विचारून. त्यांनी एवढंच सांगितलं, आडनाव घालू नकोस, नुसतं नाव घाल.

धुताना डिटर्जंट नको, आठदहा रिठे भिजवून त्याच्या पाण्यात धुवा आणि सावलीत उलटी करून वाळवा. बरणीतलं लोखंड फेकू नका, परत गूळ आणि पाणी घाला, दुसऱ्या खेपेला ते लवकर तयार होतं. माझी पहिली बरणी अजून चालू आहे, फक्त आता गॅलरीत नसते, आईनं जिन्याखाली जागा दिलीय.